काटकसरीचे सूर

लॉस एंजेलिस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हॉलिवूडचा झगमगाट येतो. त्याच शहराच्या दक्षिण टोकाला सॅन पेड्रो नावाचे बंदर आहे. तिथे गोदी कामगार, मासेमार, नौदलातली माणसे आणि त्यांची बेताच्या मिळकतीत चाललेली बिऱ्हाडे. या बंदरावर १९८० साली ‘मिनिटमेन’ नावाचे एक त्रिकूट उभे राहिले. गिटारवर डी. बून, बेस गिटारवर माइक वॅट आणि ड्रमवर जॉर्ज हर्ली. सहा वर्षेही पुरी न झालेल्या या बँडची आठवण जाणकार आजही काढतात. त्यांचे संगीत आपल्या कानांच्या सवयीचे नाही. त्यांची गोष्ट मात्र कोणत्याही मध्यमवर्गीय घराला कळेल अशी आहे.

बून आणि वॅट यांची ओळख तेराव्या वर्षाच्या सुमारास एका बागेत झाली. बून झाडावर चढला होता आणि वॅट खालून चालला होता. बूनने वरून थेट त्याच्या अंगावर उडी टाकली. शाळा सुटल्यावर पोरे रस्त्यावर भटकू नयेत म्हणून बूनच्या आईने दोघांना घरात वाजवायला बसवले. एकाने गिटार घ्यावी आणि दुसऱ्याने बेस, हेही तिनेच ठरवले. बेस हे निराळे वाद्य असते याचा वॅटला पत्ता नव्हता. साध्या गिटारला चार तारा ठेवून तो वाजवीत राहिला.

त्या काळी रॉक संगीत हा बड्या लोकांचा कारभार झाला होता. प्रचंड मैदाने, महागडी यंत्रे, लांबच लांब वादन. सामान्य पोराने ते ऐकावे आणि नक्कल करावी, एवढाच त्याचा वाटा. १९७६-७७ च्या सुमारास पंक आले आणि हा पडदा फाटला. हॉलिवूडमध्ये १९७७ साली ‘मास्क’ नावाचा अड्डा एका इमारतीच्या तळघरात सुरू झाला, म्हणजे ‘अंडरग्राउंड’ हा शब्द तिथे अक्षरशः खरा होता. अशा अड्ड्यांवर आपल्यासारखीच पोरे स्वतःची गाणी रचून म्हणताना या दोघांनी पाहिली. इंग्लंडमधल्या ‘वायर’ने त्यांना आणखी एक गोष्ट शिकवली. सांगायचे संपले की गाणे थांबवावे. पंकमधला त्वेष ठेवून त्याचा ठरीव साचा मोडणाऱ्या अशा संगीताला पुढे पोस्ट-पंक हे नाव पडले.

‘मिनिटमेन’ची पहिली तबकडी १९८० साली ‘एसएसटी’ या कंपनीने काढली. सात गाणी, आणि सगळी मिळून सात मिनिटांच्या आत! ‘ब्लॅक फ्लॅग’ या बँडच्या ग्रेग गिनची ही कंपनी म्हणजे वादकांनीच चालवलेला छोटा संसार. बँडच्या नावाचा मात्र मिनिटाशी फारसा संबंध नाही. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात क्षणात शस्त्र उचलणाऱ्या शेतकरी-कारागिरांना मिनिटमेन म्हणत. साठच्या दशकातल्या एका कडव्या उजव्या गटानेही ते नाव घेतले होते, त्याची थट्टाही त्यात होती.

आपल्या राहणीला हे तिघे ‘इकॉनो’ म्हणत. म्हणजे काटकसर. नोकऱ्या चालूच असत. सामान स्वतः वाहायचे, व्हॅन स्वतः हाकायची. स्टुडिओत भाडे कमी असते म्हणून रात्री-अपरात्री जायचे, टेपही आधी वापरलेली घ्यायची. १९८४ साली त्यांनी ‘डबल निकल्स ऑन द डाइम’ हा दोन तबकड्यांचा संच काढला. त्यात चाळिसांहून अधिक गाणी, आणि रेकॉर्डिंगचा खर्च सुमारे ११०० डॉलर.

माझे निम्मे आयुष्य बँकेत कर्जाचे कागद तपासण्यात गेले, म्हणून या आकड्यापाशी मी थबकतो. मोठी रेकॉर्ड कंपनी कलावंताला अ‍ॅडव्हान्स देते, तेव्हा तो बक्षीस नसतो. त्याच्या मानधनातून आधी ती रक्कम वळती होते आणि मग उरले तर हातात पडते. अशा करारात पैसा येतो, पण पुढचे गाणे कसे असावे हे विचारायला एक माणूसही दारात येतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण आपण गरिबाला गप्प बसवायला वापरतो. या तिघांनी ती उलटी फिरवली. खर्च इतका खाली आणला की कोणापुढे मान तुकवावी लागू नये. काटकसर हेच त्यांचे स्वातंत्र्य होते.

तीच नीती त्यांच्या वादनातही होती. रॉकमध्ये गिटार हा घरचा कर्ता आणि बाकीची वाद्ये आश्रित. बूनने आपल्या गिटारचा आवाज मुद्दाम पातळ आणि कर्कश ठेवला, म्हणजे खालचे सूर वॅटच्या बेससाठी मोकळे राहावेत. तिघांना सारखी जागा हे त्याचे राजकारण होते, आणि ते आधी आपल्याच घरात अमलात आणावे असे त्याला वाटे.

२२ डिसेंबर १९८५ रोजी अ‍ॅरिझोनात व्हॅन रस्त्यावरून घसरली. तापाने फणफणलेला बून मागच्या बाजूला झोपला होता. तो बाहेर फेकला गेला आणि जागीच गेला. वय २७. बँड तिथेच संपला. वॅटने वाजवणेच सोडले होते. तेव्हा ओहायोचा एड क्रॉफर्ड हा चाहता सॅन पेड्रोला येऊन धडकला आणि त्याने वॅट व हर्ली यांना पुन्हा उभे केले. १९८६ साली ‘फायरहोज’ नावाचा बँड झाला. मित्राने मित्राला ओढून आणायचे, ही परंपराच म्हणायची.

बूनने लिहिलेल्या ‘कोरोना’ या गाण्याची सुरावट २००० साली सुरू झालेल्या ‘जॅकअ‍ॅस’ या दूरचित्रवाणी मालिकेमुळे घराघरांत पोचली. ते पैसे बूनच्या वडिलांच्या कामी आले, असे वॅटने सांगितले आहे. ११०० डॉलरच्या जमाखर्चात मला ही शेवटची नोंद सर्वांत मोलाची वाटते. मुलगा गेला, पण त्याने काटकसरीने केलेले काम बापाच्या उपयोगी पडले.