स्फोट कुठल्या देशात झाला? (दहशतवाद आणि कायदा : लेखांक 7)

गेल्या काही लेखांत आपण युरोपातल्या दहशतवादविरोधी कायद्यांची पाळत, अटक आणि खटला ही बाजू पाहिली. या आठवड्यात ज्यांच्यावर हल्ला झाला त्यांच्याकडे वळू. हल्ल्यात सापडलेल्या माणसाला सावरण्याची जबाबदारी सरकारने गुन्हा सिद्ध होण्याची वाट न पाहता उचलली पाहिजे, आणि हल्ला कोणत्या देशात झाला यावर त्या माणसाचा हक्क कमी-जास्त होता कामा नये, असे माझे म्हणणे आहे. यातला पहिला भाग युरोपीय संघाने बऱ्याच अंशी मान्य केला आहे. दुसऱ्याबाबत तो अजून कचरतो.

देशागणिक हक्कात पडणारा फरक किती मोठा असतो, ते बर्लिनमध्ये दिसले. 19 डिसेंबर 2016 रोजी ब्राइटशाइडप्लाट्झ इथल्या नाताळच्या बाजारात हल्लेखोराने पळवलेला ट्रक घातला. ट्रकच्या पोलिश चालकासह 12 जण मारले गेले. एका जखमीचा 2021 मध्ये मृत्यू झाला. त्या वेळच्या जर्मन पीडित-भरपाई कायद्यात वाहनाने केलेला हल्ला बसतच नव्हता, म्हणून दावे रस्ते अपघातांसाठी असलेल्या निधीकडे गेले. मुद्दाम माणसे चिरडली गेली आणि कागदावर त्याची नोंद मात्र अपघाताच्या खात्यात झाली. सरकारने नेमलेले प्रतिनिधी कुर्ट बेक यांच्या अहवालात याहून विदारक गोष्टी आहेत. आपला माणूस जिवंत आहे की नाही हे कळायला काही कुटुंबांना तीन-तीन दिवस लागले, आणि सांत्वनाच्या पत्राआधी हाती पडले ते शवचिकित्सेचे बिल. वर्षभरानंतर मृतांच्या नातेवाइकांनी चॅन्सेलर मेर्केल यांना उघड पत्र लिहिले, तेव्हा कुठे हालचाल झाली. 2018 मध्ये जोडीदार, मुले आणि आई-वडील यांना मिळणारी तातडीची रक्कम 10 हजार युरोंवरून 30 हजारांवर गेली. 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात वाहनाचा हल्लाही आला.

फ्रान्सला हे तीस वर्षे आधी उमगले होते, आणि त्याचे मोठे श्रेय फ्रान्स्वाझ रुदेत्स्की यांना जाते. 1983 मध्ये पॅरिसच्या एका रेस्टॉरंटमधील स्फोटात त्या गंभीर जखमी झाल्या. त्यांनी पीडितांची संघटना उभी केली, आणि सप्टेंबर 1986 च्या कायद्याने हमी निधी अस्तित्वात आला. घर, गाडी, दुकान अशा मालमत्तेच्या प्रत्येक विमा पॉलिसीवर काही युरोंचा अधिभार बसतो आणि त्यातून हा निधी भरतो. फ्रान्सच्या भूमीवर जखमी झालेला माणूस कोणत्याही देशाचा असो, त्याला भरपाई मिळते; परदेशातील हल्ल्यात सापडलेल्या फ्रेंच नागरिकालाही मिळते. हल्लेखोर सापडला का, त्याच्याकडे पैसा आहे का, हे विचारले जात नाही. निधी आधी पैसे देतो, वसुलीचे नंतर पाहतो. मला या व्यवस्थेतले सर्वांत न्याय्य वाटते ते हेच.

मग संपूर्ण युरोपात असे का होत नाही? पाया तर आहे. पॅरिसच्या मेट्रो स्थानकाच्या दाराशी मारहाण झालेल्या एका ब्रिटिश पर्यटकाच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने 1989 मध्येच ठरवले की, दुसऱ्या सदस्य देशाच्या माणसाला नागरिकत्वावरून भरपाई नाकारता येत नाही. संघाच्या 2004 च्या निर्देशाने दुसऱ्या सदस्य देशातल्या पीडिताला आपल्याच देशातून दावा दाखल करण्याची सोय दिली. 2017 च्या निर्देशाने हल्ल्यानंतर लगेच आणि गरज असेल तोवर मानसिक, वैद्यकीय व कायदेशीर मदत देणे सदस्य देशांवर बंधनकारक केले. पण भरपाई किती आणि कोणत्या पद्धतीने, हे त्या त्या देशाच्या कायद्यावर सोडले. शिवाय सीमापार दाव्याची सोय आहे ती संघात राहणाऱ्यांसाठी. मार्च 2016 मध्ये ब्रुसेल्सच्या विमानतळावर आणि मेट्रोत झालेल्या स्फोटांत एक भारतीय संगणक अभियंता मृत्युमुखी पडला, जेट एअरवेजचे कर्मचारी जखमी झाले. अशा माणसांच्या घरच्यांना दुरून, अनोळखी भाषेत, तिथल्या यंत्रणेशी झगडावे लागते.

पीडितांना अशी खास भरपाई देण्यावर गंभीर आक्षेप आहेत. दहशतवादाच्या पीडिताला दरोड्यातल्या पीडितापेक्षा वेगळी वागणूक का, हा त्यातला सर्वांत वजनदार. जखम सारखीच असते, हे खरे. पण राज्याला नमवण्यासाठी वाटेवरचा कोणीही निवडला जातो, तेव्हा तो माणूस सगळ्या समाजाच्या वतीने मार खातो. म्हणून भरपाईही समाजाने सामायिकपणे द्यावी. आणि इथे शिकलेले इतरांच्याही कामी येते: जर्मनीचा नवा कायदा हिंसेच्या सर्वच पीडितांसाठी आहे. दुसरा आक्षेप असा की, पीडितांची गर्दी झाली तर आरोपीला निष्पक्ष न्याय मिळणार नाही. 13 नोव्हेंबर 2015 च्या पॅरिस हल्ल्यांत 130 जण मारले गेले. सप्टेंबर 2021 ते जून 2022 चाललेल्या त्या खटल्यात दोन हजारांहून अधिक पीडित पक्षकार होते. शेकडोंनी साक्ष दिली. तरीही न्यायालयाने आरोपींत नीट भेद केला आणि दोन वर्षांपासून आजन्म कारावासापर्यंत वेगवेगळ्या शिक्षा दिल्या. हे जमले, कारण 2019 च्या कायद्याने भरपाईचा वाद फौजदारी खटल्यापासून तोडून स्वतंत्र न्यायाधीशाकडे दिला होता. लोक कठड्यात पैशासाठी नव्हे, घडलेले सांगण्यासाठी उभे राहिले.

2004 च्या माद्रिद स्फोटांची आठवण म्हणून युरोपीय संघ दर 11 मार्चला पीडितांचा स्मरणदिन पाळतो. त्या दिवशी भाषणे करणाऱ्या सरकारांनी एकच गोष्ट करावी: आधी भरपाई, मग वसुली हा नियम सर्व सदस्य देशांवर सारखाच बंधनकारक करावा, आणि त्यात संघाबाहेरच्या माणसालाही धरावे.