१५०० किलोमीटर, ५४ लाख फेऱ्या

नव्या परफॉर्मन्स कारच्या किल्लीबरोबर एक जाडजूड पुस्तिका हाती येते आणि बहुतेक मालक ती न उघडता डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून देतात. मर्सिडीज-एएमजीच्या पुस्तिकेत एक पान नव्या इंजिनासाठी आहे. पहिल्या १५०० किलोमीटरपर्यंत ताशी १४०च्या वर जाऊ नका, इंजिन ४५०० आरपीएमपर्यंत न्याल तेही क्षणभरच, आणि वेग सतत कमीजास्त करत राहा, असं ते पान सांगतं. गॅरेजातले जुनेजाणते हेच एका वाक्यात सांगतात: पहिल्या सर्व्हिसपर्यंत गाडी दाबू नका, पण रांगवूही नका.

या १५०० किलोमीटरांत इंजिनाच्या पोटात काय काय घडतं, याचा हिशोब कागदावर मांडून पाहावा असाच आहे. त्यासाठी गाडी आपल्याकडचीच घेऊ. नोव्हेंबर २०२० मध्ये चाकणच्या कारखान्यातून भारतात जुळणी झालेली पहिली एएमजी, जीएलसी ४३ कूपे, बाहेर पडली आणि २०२१ मध्ये तिच्यामागून ए ३५ सेडान आली. ए ३५चं इंजिन १९९१ सीसीचं, चार सिलिंडरचं, ३०६ अश्वशक्तीचं. म्हणजे लिटरमागे दीडशेहून जास्त घोडे. कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं होतं आणि त्यातून चाळीसेक घोडे निघायचे. तेवढ्याच जागेतून आज चौपट ताकद काढली जाते.

आता रस्ता. ही गाडी द्रुतगती मार्गावर ताशी १०० च्या मर्यादेत, २००० आरपीएमवर एकसारखी चालवली, तर १५०० किलोमीटर १५ तासांत संपतात. क्रँकशाफ्टच्या फेऱ्या होतात १८ लाख. तीच गाडी अलिबाग-रेवदंडा-मुरूड रस्त्यावर न्या. अंतर ५० किलोमीटरच्या आसपास, वेळ दीड तास. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणारा अरुंद रस्ता, समोरून एसटी आली की एक चाक खाली उतरवावं लागतं. इथे सरासरी आरपीएम तेवढाच धरला, तरी १५०० किलोमीटरांना ४५ तास लागतात आणि फेऱ्या होतात ५४ लाख. मीटरवर आकडा तोच, पण इंजिनाच्या फेऱ्या तिप्पट. किलोमीटर हे माप चाकांचं आहे, इंजिनाचं वय फेऱ्यांमध्ये मोजायला हवं. म्हणून ज्या रस्त्याला लोक "अशा गाडीसाठी नाहीच हा" म्हणून नाकं मुरडतात, तोच किनारी रस्ता नवं इंजिन रुळवायला मला सगळ्यात योग्य वाटतो.

हिशोब पुढे न्यायचा तर पिस्टनकडे बघावं लागतं. या इंजिनात पिस्टनची एका दिशेची धाव ९२ मिलिमीटर आहे, म्हणजे एका फेरीत वर-खाली मिळून १८४ मिलिमीटर. ५४ लाख फेऱ्यांत एकेक पिस्टन ९९४ किलोमीटर घासत जातो. नागपूर ते आमणे हा अख्खा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. पिस्टन तो पार करून आणखी २९३ किलोमीटर जातो, तेही वीतभर नळीच्या आत राहून. या प्रवासात तो १ कोटी ८ लाख वेळा पूर्ण थांबतो आणि उलट फिरतो. चार सिलिंडरांत मिळून स्फोटही तेवढेच, १ कोटी ८ लाख. लिटरला दहा किलोमीटर धरले तर पेट्रोल जळतं १५० लिटर. एका स्फोटाच्या वाट्याला येतं एका थेंबाच्या जेमतेम पाव हिश्शाएवढं इंधन. ते जाळायला लागणारी हवा भरते सोळाशे किलो. दीड टनाच्या आसपासची गाडी हे १५०० किलोमीटर पुरे होईपर्यंत स्वतःच्या वजनाइतकी हवा ओढून मोकळी झालेली असते.

हे सगळं ज्या पृष्ठभागावर चालतं तो कसा असतो? सिलिंडरची आतली भिंत कारखान्यात मुद्दाम गुळगुळीत ठेवत नाहीत. होनिंगच्या दगडांनी तिच्यावर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेषा कोरतात. त्यांची खोली काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे काही हजारांश. त्या खाचांत तेल धरून राहतं. दोन खाचांमधल्या उंचवट्यांवर पिस्टन रिंग टेकते आणि ती टोकं घासून सपाट करते. रिंग भिंतीशी सगळीकडून नीट जुळली की तिला "बसली" म्हणतात. अर्ध्या मायक्रॉनचा थर सरसकट गेला असं धरलं, तरी चारही सिलिंडरांतून निघणारं लोखंड ३५० मिलिग्रॅम भरतं. तापाच्या एका गोळीतलं औषध याहून जास्त असतं. प्रत्यक्षात फक्त टोकंच झिजतात, त्यामुळे हा आकडाही चढाच आहे. पण एवढ्याशा झिजेवर पुढची लाखभर किलोमीटर गाडी तेल पिणार की नाही, हे बऱ्याच अंशी ठरतं.

इथेच दोन पक्षांचं भांडण आहे. एक म्हणतो, नवी गाडी हळूच चालवा. दुसरा म्हणतो, शोरूममधून निघाल्यापासून पिळा, तरच रिंगा बसतात. दुसऱ्या पक्षाच्या म्हणण्यात अर्धं सत्य आहे. रिंगेची स्वतःची स्प्रिंग फार जोरदार नसते. तिला भिंतीवर दाबतो तो जळालेला वायू. तो वरच्या रिंगेच्या मागच्या फटीत शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. पूर्ण जोरात हा दाब १०० बारच्या घरात जातो. ८३ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर त्याचा भार होतो ५ टनांहून जास्त. म्हणजे रिंग बसायला दाब हवाच. नुसतं लाडाने चालवलं तर तो मिळत नाही.

पण दाब आणि आरपीएम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिस्टन वरच्या टोकाला थांबून उलट फिरतो, त्या क्षणी त्याच्यावर येणारा झटका आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ६००० आरपीएमला हा झटका गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २४०० पट असतो. रिंगा आणि पिनसकट पिस्टन ४०० ग्रॅमचा धरला, तर कनेक्टिंग रॉडला जवळजवळ एक टनाची ओढ बसते, सेकंदाला १०० वेळा. ३००० आरपीएमला तीच ओढ चौथाई, म्हणजे २४० किलो. ४५०० ला निम्म्याहून थोडी अधिक. पुस्तिकेतला ४५०० चा आकडा यासाठीच असावा. नव्या बेअरिंगना आणि रिंगांना वायूचा दाब मिळू दे, पण ही ओढ अजून पूर्ण नको.

आता गाडी साळाव पुलावरून पुढे काढा. कुंडलिकेची खाडी मागे पडते, उजव्या हाताला कोर्लईचा किल्ला दिसतो. तिथून काशीदपर्यंत रस्ता घडीत समुद्राला बिलगतो, घडीत टेकडी चढतो. मॅन्युअल मोड, तिसरा गिअर. चढ लागला की पाय हळूहळू दाबायचा, २२०० वरून ३२०० पर्यंत. टर्बो भरतो, वायू रिंगेला भिंतीवर रेटतो. माथ्यावर पाय पूर्ण काढायचा, गिअर तोच. उतारावर थ्रॉटल बंद असल्याने सिलिंडरमध्ये पोकळी तयार होते आणि खालून थोडं तेल रिंगांपाशी ओढलं जातं. घासताना सुटलेला कण त्या तेलाबरोबर निघून जातो. पुढे वळण, गाव, स्पीडब्रेकर, पुन्हा चढ. मुरूडला पोचेपर्यंत दीड तासात १ लाख ८० हजार फेऱ्या होतात आणि त्यातल्या कुठल्याही दोन मिनिटांचा भार सारखा नसतो. अटल सेतूवर २१.८ किलोमीटर एकाच वेगाने गेलेल्या इंजिनाला हा बदल मिळत नाही.

याच रेवदंडा-चौल भागात १५व्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी उतरला, तो विकायला एक घोडा घेऊन. त्या वाटेवर आज ३०६ घोडे तिसऱ्या गिअरात जातात.

मुंबईकरांसाठी एक सूचना. अलिबागच्या वाटेवर वडखळच्या कोंडीत तासभर अडकणं नव्या इंजिनाला सगळ्यात वाईट. फेऱ्या होत राहतात, पण दाब नसतो. रिंग नुसती घसटत राहते, भिंतीवर तेलाचा चिवट थर चढतो आणि खाचा बुजतात. त्यापेक्षा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट पकडावी. २०२० पासून ती चालू आहे, खाडीपलीकडे न्यायला तास घेते आणि तेवढा वेळ इंजिन बंद राहतं. मांडव्याला उतरल्यावर मात्र गार इंजिन लगेच दाबू नये. पाणी तापलं तरी तेल तापायला आणखी दहा मिनिटं लागतात, आणि काट्यावर आधी दिसतं ते पाणी.

१५०० किलोमीटरनंतरही एकदम आरपीएमच्या शेवटच्या आकड्याला जायचं नसतं. दर खेपेला थोडं थोडं वर न्यायचं. मुरूडच्या पुढे आगरदांड्याला दिघीच्या फेरीबोटीची रांग लागते. चढउतार करून आलेली गाडी तिथे थांबवली की लगेच बटण दाबून बंद करू नका. ए ३५ची थोरली बहीण ए ४५ एस हिचा टर्बो मिनिटाला १ लाख ६९ हजार फेऱ्यांपर्यंत जातो, म्हणजे सेकंदाला २८००. अशा वेगाला सतत तेल लागतं, धाकटीच्या टर्बोलाही. एक मिनिट इंजिन चालू ठेवा, तेल फिरत राहू द्या, आणि मग बंद करा.