सात-बारा आणि बिश्केकचा व्हिसा

लातूर-नांदेडच्या शिकवण्यांच्या भागात हिंडलं की अल्माटी, बिश्केक, ताश्कंद, तिबिलिसी ही नावं पाट्यांवर दिसतात. ‘नीट’मध्ये शासकीय जागा थोडक्यात हुकलेली आणि खासगी महाविद्यालयाची फी न परवडणारी मुलं एमबीबीएससाठी तिकडे जातात. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, युक्रेनमधली एमबीबीएसची वाट बंद झाली आणि मध्य आशिया व जॉर्जियाकडचा ओढा वाढला. पर्यटकांच्या यादीत जे देश अगदी शेवटी येतात, ते औसा, अहमदपूर, मुखेड, नायगावच्या घरांत असे रोजच्या बोलण्यात आले. लेकरू कुठं राहतं, काय खातं, हे आईबापाला एकदा डोळ्यांनी बघायचं असतं. मग प्रश्न येतो: आमच्यासारख्यांना व्हिसा मिळतो का?

मिळतो. शेतकरी कुटुंबासाठी तर हे देश युरोपपेक्षा कितीतरी सोपे आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. युरोपचा शेंगेन व्हिसा मागताना बँकेचे उतारे आणि आयकर विवरणपत्र दाखवावं लागतं. शेतीचं उत्पन्न आयकरमुक्त असल्याने अनेक घरांत विवरणपत्र भरलेलंच नसतं. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आसपास एकदम खात्यात येतात आणि पीककर्ज, मुलांची फी, रब्बीचं बियाणं यांत निघून जातात. वीस एकर बागायतवाल्याचं खातंही जुलैत रिकामं दिसतं. सात-बारा आणि आडतीची पट्टी ही त्या माणसाच्या ऐपतीची खरी कागदपत्रं. पण दूतावासात बसलेल्या अधिकाऱ्याला ती वाचता येत नाहीत, आणि चांगल्या खात्यापित्या घराचा अर्ज कमकुवत ठरतो.

मध्य आशियात ही अडचण बरीच कमी होते. कझाकस्तानने जुलै 2022 पासून भारतीयांना 14 दिवस व्हिसाशिवाय राहायची मुभा दिली. पुन्हा पुन्हा जाता येतं, मात्र 180 दिवसांत मिळून 42 दिवसांच्या वर नाही. उझबेकिस्तानचा ई-व्हिसा घरबसल्या निघतो. पासपोर्टच्या पानाची प्रत आणि फोटो चढवायचा, 20 डॉलर भरायचे. एका प्रवेशाचा 30 दिवसांचा व्हिसा ईमेलवर येतो. मधेच ताजिकिस्तानात जाऊन परत यायचं असेल, तर दोन प्रवेशांचा व्हिसा लागतो आणि त्याचं शुल्क वेगळं. उझबेकिस्तानात मुक्कामाची नोंदणीही होते. हॉटेल ती करून देतं. नातलगाकडे किंवा मुलाच्या खोलीवर राहिलात तर ती आपणच करून घ्यायची. किर्गिझस्तानचाही ई-व्हिसा आहे, पण त्यावर देशात शिरायची ठिकाणं ठरलेली आहेत. अल्माटीहून बिश्केक रस्त्याने अवघं अडीचशे किलोमीटरच्या आत असल्याने अनेक जण दोन्ही शहरं एकाच खेपेत करतात. त्यांनी आपला सीमानाका यादीत आहे का, हे आधी बघावं. जॉर्जियाचा व्हिसा काढावा लागतो, मात्र अमेरिका, ब्रिटन किंवा युरोपचा चालू व्हिसा हातात असेल तर तोच चालतो. 2026 पासून तिथे आरोग्य आणि अपघाताचा विमाही सक्तीचा झाला आहे.

इथे एक गोष्ट मनाशी पक्की धरायला हवी. ज्या देशाचा व्हिसा लागत नाही किंवा दोन दिवसांत मिळतो, तिथे तपासणी टळत नाही. ती विमानतळावर होते. पहिल्यांदा विमान कंपनीचा माणूस विचारतो, कारण प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत आणायची जबाबदारी कंपनीवर येते. दुसऱ्यांदा त्या देशाचा इमिग्रेशन अधिकारी विचारतो, आणि हाती व्हिसा असला तरी आत घ्यायचं की नाही हा त्याचा अधिकार. म्हणून मोबाईलवर विसंबू नये. परतीचं तिकीट, राहायचा पत्ता, विमा, थोडे डॉलर, मुलाच्या विद्यापीठाचं पत्र आणि विद्यार्थी व्हिसाची प्रत, सगळं कागदावर एका फाईलीत ठेवावं. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून सोबत घ्यावं. भाषेची अडचण असलेल्या आईवडिलांच्या वतीने ही फाईलच बोलते.

सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. आईच्या काही कागदांवर माहेरचं नाव, काहींवर सासरचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना मोकळा राहिला, तर पुढे डोकेदुखी होते. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर 2022 पासून असं एकेरी नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटक व्हिसा देणं थांबवलं. तेव्हा नांदेड किंवा लातूरच्या टपाल कार्यालयातल्या पासपोर्ट केंद्रात जायच्या आधीच आधार, पॅन, मतदार ओळखपत्र यांवरची नावं एकसारखी करून घ्यावीत. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर येणाऱ्या ‘ईसीआर’ शिक्क्याची मात्र भीती नको. तो ठरावीक देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे. फिरायला जाणाऱ्याला तो अडवत नाही.

गावातल्या कुणी गेल्या वर्षी सांगितलेला नियम यंदाही चालेल असं धरू नये. सर्बियाने भारतीयांची व्हिसामाफी 1 जानेवारी 2023 पासून काढून घेतली. इराणने फेब्रुवारी 2024 मध्ये दिलेली सवलत नोव्हेंबर 2025 मध्ये थांबवली, कारण नोकरीचं आमिष दाखवून नेलेल्या भारतीयांचं तिथे अपहरण झालं होतं. नांदेडकरांना तर पाकिस्तानातल्या कर्तारपूर गुरुद्वाऱ्याचा अनुभव आहे. नोव्हेंबर 2019 मध्ये मार्गिका खुली झाली तेव्हा व्हिसा लागत नव्हता, तरी पासपोर्ट, आगाऊ ऑनलाइन मंजुरी आणि 20 डॉलर शुल्क होतंच. त्याच दिवशी परतायचं बंधनही होतं. मे 2025 मध्ये भारताने ती मार्गिका बंद केली. सचखंड गुरुद्वाऱ्याच्या नांदेडात या बंदीची हळहळ किती असेल, हे वेगळं सांगायला नको.

ई-व्हिसा शोधताना सरकारी दिसणाऱ्या खासगी वेबसाइट आधी समोर येतात आणि 20 डॉलरच्या कामाचे चौपट पैसे घेतात. पत्त्यात ‘गव्ह’ आहे का ते बघावं, नाहीतर त्या देशाच्या दिल्लीतल्या दूतावासाच्या वेबसाइटवरून पुढे जावं.

पैसे दिवाळीला हातात येतात, पण तेव्हापासून बिश्केकमध्ये गोठवणारी थंडी सुरू होते. आपल्याकडच्या शेतकऱ्याला मे महिना सोयीचा: तिकडे हवा छान, इकडे रान मोकळं. पासपोर्टचा अर्ज डिसेंबर-जानेवारीत करावा, म्हणजे पोलीस पडताळणीत काही अडलं तरी वेळ उरतो. जुना पासपोर्ट असेल तर परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने मुदत आणि दोन कोरी पानं आहेत ना, तेही तेव्हाच बघावं. एप्रिलमध्ये ई-व्हिसा, मग नांदेडहून सचखंड एक्स्प्रेसने थेट दिल्ली. मेच्या मध्यावर निघालं तर कझाकस्तानचे 14 दिवस पुरे करूनही मृगाच्या आत, पेरणीला घरी पोचता येतं.