विद्युत् दाब मापनातील गोंगाट
मोजावयाच्या विद्युत् दाबात मिसळणाऱ्या, मूळ राशीशी संबंध नसलेल्या चढउतारांना गोंगाट म्हणतात. मापन उपकरणाच्या आदान बाजूस बफर प्रवर्धक असला म्हणजे गोंगाट उरत नाही, ही समजूत चुकीची आहे. बफराचा आदान संरोध फार मोठा असल्याने संवेदकावर भार पडत नाही, इतकेच. आलेला गोंगाट तो जसाच्या तसा पुढे पाठवितो. मोकळे ठेवलेले आदान अग्र तर आकाशकाप्रमाणे परिसरातील ५० हर्ट्‌झचा विद्युत् दाब ग्रहण करते.

दोष शोधताना आदान अग्रे प्रथम उपकरणापाशीच आखूड तारेने एकमेकांस व भूसंपर्कास जोडावीत. चढउतार तसेच राहिल्यास दोष उपकरणात वा त्याच्या शक्तिपुरवठ्यात असतो. थांबल्यास तो तारांत किंवा संवेदकात शोधावा.

सोनपेठ (जि. परभणी) भागातील काळ्या मृदेचे तापमान तांबे-कॉन्स्टंटन तपयुग्माने मोजावयाचे आहे, असे समजू. १° से.ला सु. ४० मायक्रोव्होल्टच मिळत असल्याने ०·२ मिलिव्होल्ट गोंगाट म्हणजे ५° से.ची चूक होय. तपयुग्माचे उघडे टोक ओल्या मातीस टेकलेले व उपकरणही वेगळे भूसंपर्कित असेल, तर दोन भूबिंदूंमधील विद्युत् दाबभेद मापनात शिरतो. जवळच्या विहिरीवरील पंप चालू असताना तो विशेष जाणवतो. उन्हाळ्यात ही माती भेगाळून भूसंपर्काचा रोध वाढतो, त्यामुळे पावसाळ्यात निर्दोष ठरलेली जोडणी मे महिन्यात बिघडू शकते. अशा वेळी भूसंपर्क एकाच ठिकाणी ठेवून पिळलेल्या, कवचयुक्त तारा व भेददर्शी आदान वापरतात. मात्र संवेदक पूर्ण निरोधित असल्यास एक आदान अग्र रोधकातून भूसंपर्कास जोडावेच लागते. एरवी प्रवर्धकाच्या अल्प आदान प्रवाहास परतीचा मार्ग राहत नाही व वाचन एका टोकास सरकते. २० मिलिसेकंदांच्या पूर्ण पटीतील सरासरीने ५० हर्ट्‌झचा गोंगाट लोपतो. रोधकातील औष्णिक गोंगाट (जॉन्सन, १९२८) मात्र अटळ असून १ मेगओहम रोध व १० किलोहर्ट्‌झ पट्टरुंदीस नेहमीच्या तापमानात तो सु. १३ मायक्रोव्होल्ट भरतो.