ओब्युसाँचा हातमाग आणि पाठीमागची चिठ्ठी

पॅरिसला कापडाच्या प्रदर्शनास जाणारे आपले व्यापारी बांधव फार तर आयफेल टॉवर पाहून परततात. मी दोन दिवस जास्त काढून क्रज जिल्ह्यात गेलो. पॅरिसच्या ऑस्टरलित्झ स्टेशनावरून ला सुतेरेनपर्यंत रेल्वे, पुढे बस. टेकड्या, गायी, दगडी घरे आणि माणसे तुरळक. हा गरीब मुलूख. इथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या गवंडीकामासाठी पॅरिसला जात.

क्रज नदीकाठचे ओब्युसाँ हे तीन-साडेतीन हजार वस्तीचे गाव. भिंतीवर टांगायचे लोकरीचे चित्रपडदे हा इथला हुनर. त्यांना तापिस्री म्हणतात. इ.स. ७३२ च्या प्वातियेच्या लढाईनंतर मागे राहिलेल्या अरबांनी ही कला आणली, अशी दंतकथा तिथे सांगतात. ऐकून छाती फुगते, पण पुरावा काही नाही. शेजारच्या फेलतँ गावातील विणकरांची लेखी नोंद पंधराव्या शतकातली आहे.

आपल्या इतिहासाचा खरा धागा चाळीस किलोमीटरवर बुर्गानफ येथे सापडतो. कॉन्स्टँटिनोपल जिंकणाऱ्या सुलतान मुहम्मद फातिह यांचा धाकटा मुलगा शहजादा जेम तख्तासाठी भाऊ बायजीदशी लढला, हरला आणि १४८२ मध्ये ऱ्होड्स बेटावरच्या ख्रिस्ती सरदारांकडे आश्रयास गेला. त्यांनी पाहुण्याचा कैदी केला. त्याला फ्रान्समध्ये आणून या गावच्या बुरुजात ठेवले, आणि त्याला अडकवून ठेवण्याबद्दल बायजीदकडून दरसाल रक्कम घेतली! या सरदारांचा प्रमुख प्येर द ओब्युसाँ याच मुलखातला. १४८९ मध्ये शहजादा पोपच्या हवाली झाला आणि १४९५ मध्ये नेपल्सला वारला. बुरुज अजून ‘झिझिम’ या त्याच्या फ्रेंच नावानेच ओळखला जातो.

उत्तरेला बुसाकचा किल्ला आहे. ‘शिंगवाल्या घोड्याची बेगम’ म्हणावे असे सहा प्रसिद्ध पडदे १८४१ मध्ये इथेच नजरेस आले. त्यांवर चंद्रकोरी आहेत, म्हणून ते शहजाद्याचे, अशी वदंता उठली. वास्तविक त्या कोरी ल व्हिस्त या फ्रेंच घराण्याच्या निशाणावरच्या. पडदे आता पॅरिसच्या क्लुनी संग्रहालयात आहेत.

आता मागाकडे. ओब्युसाँचा माग आडवा असतो. नकाशा ताण्याखाली धरून कारागीर उलट्या बाजूने विणतो. सुलट बाजू पाहायची तर खाली आरसा सरकवावा लागतो. हरेक रंगाची नळी वेगळी. बाणा आरपार जात नाही, आपल्या रंगाच्या हद्दीतून परततो. येवल्याच्या पैठणीचा पदर याच तत्त्वावर विणतात. एका चौरस मीटरला एका माणसाचा साधारण महिना जातो.

१६६५ मध्ये या कारखान्यांना शाही दर्जा मिळाला. १६८५ मध्ये राजाने प्रोटेस्टंटांची धर्मसवलत काढून घेतली, तेव्हा कितीतरी विणकर परदेशी निघून गेले. पुढे कागदी वॉलपेपरने गिऱ्हाईक खाल्ले. १९३९ मध्ये झाँ ल्युर्सा हा चित्रकार आला. त्याने रंग मोजके केले, नकाशावर रंगांचे आकडे घातले आणि वीण जाड केली, म्हणजे वेळ आणि खर्च दोन्ही खाली आले. २००९ मध्ये युनेस्कोने या हुनराची नोंद घेतली. २०१६ मध्ये उघडलेल्या संग्रहालयात विणकाम डोळ्यांदेखत पाहता येते. जपानी मियाझाकींच्या कार्टूनपटांतली दृश्येसुद्धा इथे विणली गेली आहेत.

मला मात्र पडद्यापेक्षा त्याची पाठ जास्त आवडली. तिथे एक चिठ्ठी शिवलेली असते. तिच्यावर कारखान्याचे नाव, माप, कितवी प्रत आणि सही. फ्रेंच कायद्याने एका नकाशाच्या आठच प्रती अस्सल मानतात. नववी काढली तर ती नक्कल.

तिथे उभा असताना आपले दुकान आठवले. पंचवीस वर्षांपूर्वी मी यंत्रमागाच्या शाली ‘औरंगाबादी हिमरू’ म्हणून विकल्या आहेत. गिऱ्हाइकाने विचारले नाही, मी सांगितले नाही. त्याच सुमारास आमच्याकडे हातमागाचा माल आणणारे एक उस्ताद येईनासे झाले. त्यांची मुले आता रिक्षा चालवतात.

परतल्यावर मी बिलावर ‘हातमाग’ की ‘यंत्रमाग’ हे लिहू लागलो. खोटे का बोलू, विक्री थोडी घटली आहे.