फर्मा आता पडद्यावर

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा उद्यमनगरात पाळी करून आलेल्या माणसाच्या कपड्यांतली काळी वाळू कोल्हापुरातल्या कितीतरी घरांच्या ओळखीची आहे. उसाचे चरक आणि ऑईल इंजिने घडवता घडवता इथले ओतकाम वाढले. पुढे मोटारींचे भागही इथे ओतले जाऊ लागले.

ओतकामाचा पाया म्हणजे फर्मा, अर्थात पॅटर्न. वाळूत फर्मा दाबून पोकळी करायची आणि तीत लोखंडाचा रस ओतायचा. पूर्वी मिस्त्री सागवानातून हा फर्मा हाताने घडवीत. आता त्याचा आराखडा आधी संगणकावर काढतात. या पद्धतीला ‘कॅड’ म्हणतात.

मग मिस्त्रीचे ज्ञान वाया गेले काय? मुळीच नाही. ओतीव लोखंड थंड होताना १०० मिलिमीटरला साधारण १ मिलिमीटर आकसते. म्हणून ५०० मिलिमीटरच्या भागासाठी फर्मा ५०५ चा करावा लागतो. पोलादाला ही वाढ सुमारे दुप्पट. वाळू न मोडता फर्मा उचलता यावा म्हणून उभ्या बाजूंना एक-दोन अंशांचा उतार हवा. संगणक हिशेब चटकन करतो. पण फर्मा कोणत्या बाजूने उचलायचा, हे ठरवायला वाळू ओळखणारा माणूसच लागतो.

जाड भाग शेवटी गोठतो. त्याला रस कमी पडला तर आत पोकळी राहते. तो रस पुरवण्यासाठी रायझर ठेवतात. पूर्वी रायझर चुकल्याचे माल ओतून, कापून पाहिल्यावरच कळे. मुंबईच्या आय.आय.टी.त असताना प्रा. बी. रवी यांनी विकसित केलेल्या ‘ऑटोकास्ट’सारख्या प्रणालीत ही जागा भट्टी पेटण्याआधीच पडद्यावर रंगांत दिसते.

पालकहो, या पडद्यासमोरच्या खुर्चीवर आपली मुले बसणार, की पिढ्यान्‌पिढ्या फक्त वाळूच उपसणार? आय.टी.आय.चा ड्राफ्ट्समन मेकॅनिकल हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम दहावी उत्तीर्णांसाठी आहे. गणित कच्चे राहू देऊ नका. मुलीलाही पाठवा, इथे घमेली उचलायची नसतात. आणि जेवताना मुलांना सांगा, आज कोणता माल नापास झाला आणि का. जे इतरांना शिकायला वर्षे लागतात, ते तुमच्या घरात रोज चालत येते.