मुख्याध्यापक बैठकीला जातात तेव्हा
(शाळेचं नेतृत्व : लेखांक ५)

रिसोड असो की मानोरा, पंचायत समितीत बैठक लागली की खेड्यातल्या शाळेचे मुख्याध्यापक सकाळीच मोटारसायकल काढतात. मागे एखाददुसरा शिक्षक आणि सगळे वर्ग. मुख्याध्यापकांची खरी कार्यपद्धती त्या दिवशी दिसते.

कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी १९३९ साली अमेरिकेतल्या आयोवात मुलांच्या छंदगटांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. काही गटांचा प्रमुख हुकूम सोडायचा, काहींचा मुलांशी बोलून ठरवायचा, काहींचा सगळं मुलांवरच सोडून द्यायचा. हुकमी प्रमुख खोलीबाहेर गेला की काम थंडावायचं. बोलून ठरवणाऱ्या गटात ते चालू राहायचं. प्रयोग मुलांवर झाला होता, शिक्षकांवर नव्हे. तरी बैठकीच्या दिवशीची शाळा पाहिली की तो आठवतोच.

वाशीम जिल्ह्यातल्या लहान शाळांत हुकमाला मुळातच जोर कमी. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेचा पट ६० पर्यंत असेल तर दोन शिक्षक, आणि स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो तो पट १५० च्या वर गेल्यावर. म्हणजे प्रभार येतो ज्येष्ठ शिक्षकाकडे. तो स्वतः वर्ग घेतो, पोषण आहाराचा हिशेब ठेवतो, यू-डायस भरतो. आणि ज्यांच्याकडून काम करून घ्यायचं ते त्याच्याच पदाचे सहकारी. त्याच्या हाती उरतं ते बोलणं. तेही आता बरंचसं व्हॉट्सॲपने खाल्लं आहे. केंद्राच्या ग्रुपवरचा ‘तात्काळ माहिती सादर करावी’ हा संदेश जसाच्या तसा शाळेच्या ग्रुपवर ढकलला, की सांगितल्याचं समाधान मिळतं. माझ्या मते हे टपाल झालं, संवाद नव्हे.

संवाद कसा असतो? समजा, चौथीत ४०२ वजा १८७ चालू आहे. मुख्याध्यापक मागच्या बाकावर बसलेत. तीन मुलांचं उत्तर आलं ३८५. लॉगबुकात ‘हातच्याच्या वजाबाकीकडे लक्ष द्यावे’ असा शेरा मारता येतो. शेरा खोटा नाही, पण त्यातून बाईंना नवं काहीच कळत नाही. त्याऐवजी मधल्या सुट्टीत वही पुढे ठेवून विचारावं, “मॅडम, या तिघांनी प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय. वरचा अंक कोणता, हे त्यांनी पाहिलेलंच नाही. उद्या दशकाचे गठ्ठे सोडून दाखवायचे का? तोवर तुमची दुसरी मी सांभाळतो.” यात दोष कुणावर येत नाही, चूक नेमकी हाती लागते आणि मदतही ठरते. पण हे बोलणं एकांतात हवं. मुलांसमोर किंवा केंद्राच्या शिक्षण परिषदेत तेच वाक्य अपमान ठरतं.

आणि बैठकीहून परतल्यावर आदेश वाचून दाखवण्याआधी विचारावं, “आज वर्ग कसे झाले?” उत्तर पूर्ण ऐकावं. त्यानंतर कोणता तक्ता कधी भरायचा आणि तो कुणी भरायचा, हे दोघांनी बसून ठरवावं.

पुढील आठवड्यात : शाळा व्यवस्थापन समितीतले पालक